जहाजांच्या ताफ्यातील अनुपालन-दस्तऐवज आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : एक चिकित्सा

प्रस्तावना

समुद्रावरून जाणाऱ्या प्रत्येक व्यापारी जहाजाबरोबर मालाखेरीज कागदांचाही मोठा भार प्रवास करीत असतो. जहाज कोणत्या राष्ट्राच्या ध्वजाखाली नोंदलेले आहे, त्याच्या सांगाड्याची व यंत्रांची तपासणी केव्हा झाली, जीवरक्षक नौका आणि अग्निशामक साधने चालू स्थितीत आहेत काय, तेलमिश्रित पाण्याची विल्हेवाट कशी लावली, कोणत्या अधिकाऱ्याने किती तास विश्रांती घेतली, या सर्वांची प्रमाणपत्रे, नोंदवह्या आणि तपासणी-तक्ते जहाजावर ठेवावे लागतात. बंदरात जहाज लागताच पोर्ट स्टेट कंट्रोलचा निरीक्षक प्रथम तेच मागतो. एकाच कंपनीकडे तीस-चाळीस जहाजे असतील, ती निरनिराळ्या ध्वजांखाली आणि निरनिराळ्या समुद्रांत असतील, तर या कागदांचा मेळ घालणे हेच एक स्वतंत्र खाते होऊन बसते.

हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित प्रणालींकडे सोपवावे, असा आग्रह अलीकडे नौवहन क्षेत्रात धरला जात आहे. यंत्र थकत नाही, मुदत विसरत नाही, हजारो पाने क्षणात वाचते आणि संपूर्ण ताफ्याची स्थिती एका पडद्यावर दाखविते, असे या आग्रहाचे स्वरूप आहे. प्रस्तुत लेखात या दाव्याची चिकित्सा करावयाची आहे. अनुपालनाच्या दस्तऐवजाचे मूल्य तो पूर्ण व बिनचूक दिसण्यात नसून, त्याच्यामागे कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन पाहिले आहे या गोष्टीत आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर हे पाहणे वाढवितो की अनावश्यक ठरवितो, या एकाच कसोटीवर तिची उपयुक्तता ठरविली पाहिजे, असे येथील प्रतिपादन आहे.

दस्तऐवजांची पार्श्वभूमी

आजची दस्तऐवज-व्यवस्था नोकरशाहीच्या हौसेतून जन्माला आलेली नाही, ही बाब आरंभीच नोंदविली पाहिजे. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधील झीब्रुग बंदरातून निघालेले 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' हे ब्रिटिश प्रवासी जहाज बंदराबाहेर पडताच उलटले आणि १९३ जण मृत्युमुखी पडले. वाहने आत घेण्यासाठी असलेले पुढच्या भागातील दरवाजे उघडेच राहिले होते. ज्याने ते बंद करावयाचे तो कर्मचारी आपल्या खोलीत झोपला होता, हे तात्कालिक कारण होय. न्यायमूर्ती शीन यांच्या चौकशीने मात्र त्याच्या पलीकडे पाहिले. दरवाजे बंद आहेत किंवा नाहीत हे दाखविणारा दिवा चालक-कक्षात बसवावा, अशी मागणी कप्तानांनी केली होती आणि किनाऱ्यावरील कार्यालयाने ती गांभीर्याने घेतली नव्हती. जहाजावरील स्थायी आदेशांत आणखी एक तरतूद होती. काही उणीव असेल तरच विभागप्रमुखांनी कप्तानाला कळवावे, तसे काही न कळविल्यास जहाज सर्व दृष्टींनी सज्ज आहे असे कप्तानाने गृहीत धरावे, अशा आशयाची ती होती. म्हणजेच त्या व्यवस्थेत मौनाचा अर्थ 'सर्व ठीक' असा होता.

या दुर्घटनेने दोष केवळ डेकवर नसून कार्यालयातही असतो, हे अधोरेखित केले. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९३ मध्ये स्वीकारलेली आंतरराष्ट्रीय सुरक्षा व्यवस्थापन संहिता (आयएसएम कोड) हे त्याचे फलित होय. ती प्रवासी जहाजे, तेलवाहू जहाजे, सुटा माल वाहणारी जहाजे इत्यादींना १ जुलै १९९८ पासून आणि उर्वरित बहुतेक मालवाहू जहाजांना १ जुलै २००२ पासून बंधनकारक झाली. तीनुसार कंपनीला अनुपालन दस्तऐवज आणि प्रत्येक जहाजाला सुरक्षा व्यवस्थापन प्रमाणपत्र मिळवावे लागते. तसेच सर्वोच्च व्यवस्थापनापर्यंत थेट पोहोचू शकेल असा एक नियुक्त अधिकारी किनाऱ्यावर असावा लागतो. जहाजावरील माणसाचे म्हणणे कार्यालयाने ऐकले पाहिजे, हा या संहितेचा आत्मा आहे. कागद हे त्या ऐकण्याचे साधन होते.

साधनाचे साध्य होण्यास मात्र फारसा वेळ लागला नाही. संहितेच्या पाठोपाठ प्रदूषण, सुरक्षा, कामगार-हक्क, इंधनवापर आणि कार्बन-उत्सर्जन यांविषयीची बंधने आली. तेलकंपन्यांच्या स्वतंत्र तपासण्या आल्या. प्रत्येकाने आपापला तक्ता मागितला. महाविद्यालयीन प्राध्यापकांना मूल्यांकन समितीच्या भेटीपूर्वीची धावपळ ठाऊक असते. वर्गात काय घडले यापेक्षा वर्गात घडल्याचा पुरावा फाइलमध्ये आहे काय, हा प्रश्न त्या दिवसांत अधिक मोठा वाटू लागतो. जहाजावरील अधिकारी वर्षभर अशा भेटीच्या छायेत असतो आणि त्याची फाइल चुकल्यास जहाज बंदरात अडकून पडते.

तीन प्रकारचे दस्तऐवज

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पुरस्कर्त्यांच्या मांडणीतील पहिली उणीव अशी की, त्यात सर्व दस्तऐवज एकाच मापाने मोजले जातात. वास्तविक त्यांचे तीन स्वतंत्र प्रकार पडतात आणि प्रत्येक प्रकारात यंत्राचे स्थान वेगळे आहे.

पहिला प्रकार प्रमाणपत्रांचा. जहाजाची बांधणी, सुरक्षा-साधने, रेडिओ, भाररेषा, तेलप्रदूषण-प्रतिबंध, जहाज स्थिर ठेवण्यासाठी भरलेल्या बॅलास्ट पाण्याची व्यवस्था यांची प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीची असतात. अनेक प्रमाणपत्रांच्या वार्षिक सर्व्हेसाठी वर्धापन-दिनाच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन महिने एवढी खिडकी असते. त्या काळात जहाज कोणत्या बंदरात असेल आणि तेथे सर्व्हेअर मिळेल काय, हे जुळवावे लागते. अधिकाऱ्यांची पात्रता-प्रमाणपत्रे व वैद्यकीय दाखले यांच्या मुदती निराळ्याच. स्कॅन केलेल्या प्रतीवरून तारीख वाचणे, ती प्रवासाच्या वेळापत्रकाशी ताडणे आणि वेळेवर सूचना देणे हे काम यंत्राने अवश्य करावे. येथे चूक झालीच तर मूळ कागदावर बोट ठेवून ती लगेच दाखविता येते.

दुसरा प्रकार नियम व कार्यपद्धतींचा. ध्वजराष्ट्रांची परिपत्रके, संहितांतील दुरुस्त्या आणि कंपनीची स्वतःची सुरक्षा-नियमावली मिळून पानांची संख्या एवढी होते की, बंदिस्त टाकीत उतरण्यापूर्वी नेमके काय करावयाचे हे शोधण्यातच वेळ जातो. येथेही यंत्राची मदत मोलाची आहे. परंतु भाषिक प्रतिमानांवर चालणारी ही यंत्रे उत्तर माहीत नसतानाही तितक्याच आत्मविश्वासाने उत्तर देतात. रद्द झालेले कलम त्यांच्या वाक्यात जिवंत कलमासारखेच दिसते. सुरक्षा व्यवस्थापन संहितेच्या अकराव्या विभागात दस्तऐवजांतील बदल अधिकृत व्यक्तीने तपासून मंजूर करावेत आणि कालबाह्य कागद तत्काळ काढून टाकावेत, अशी अपेक्षा आहे. यंत्राने तयार केलेला सारांश हा या अर्थाने नवा दस्तऐवजच होय. तो कोणी मंजूर केला, या प्रश्नाला उत्तर असल्याखेरीज तो जहाजावर जाऊ नये. टाकीतील प्राणवायूचे प्रमाण विचारणारा खलाशी सारांश वाचतो की मूळ नियम, यावर त्याचा जीव अवलंबून असू शकतो.

तिसरा प्रकार नोंदींचा. काय केले, केव्हा केले, काय आढळले, हे सांगणारे हे कागद म्हणजे साक्षी होत. खरा प्रश्न येथे आहे आणि म्हणून त्याचा अधिक विस्ताराने विचार करणे अगत्याचे ठरते.

नोंद आणि वास्तव

२००६ च्या सागरी कामगार अधिवेशनानुसार नाविकाला विश्रांतीच्या तासांच्या हिशेबाने कोणत्याही चोवीस तासांत किमान १० तास आणि कोणत्याही सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. हे अधिवेशन २०१३ मध्ये अमलात आले. स्वीडनमधील माल्म येथील जागतिक सागरी विद्यापीठाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या तासांच्या नोंदी मोठ्या प्रमाणावर 'जुळवून' लिहिल्या जातात, असा निष्कर्ष काढला आणि त्या प्रवृत्तीला जुळवाजुळवीची संस्कृती असेच नाव दिले. याच्या मुळाशी नाविकांचा अप्रामाणिकपणा नसून अपुरे मनुष्यबळ आहे, ही त्या अभ्यासाची महत्त्वाची बाजू होय. लागोपाठ बंदरे, मालाची चढउतार, तपासण्या आणि पहाऱ्याच्या पाळ्या हे सर्व मोजक्या माणसांत बसत नाही. ते कागदावर मात्र बसवावे लागते.

आता या जागी कृत्रिम बुद्धिमत्ता आणून पाहावी. ती विश्रांतीच्या नोंदी वाचते आणि मर्यादा ओलांडली गेली की लाल खूण करते. ही खूण कोणाकडे जाते? ती जहाजावरील अधिकाऱ्याकडे 'नोंद दुरुस्त करा' अशा स्वरूपात गेली, तर निरीक्षक येण्यापूर्वी जुळवाजुळव करण्याचे ते एक कार्यक्षम साधन ठरेल. पूर्वी जी विसंगती एखाद्या चाणाक्ष निरीक्षकाच्या नजरेस पडली असती, ती आता यंत्रच आधी पुसून घेईल. तीच खूण किनाऱ्यावरील नियुक्त अधिकाऱ्याकडे 'या जहाजावर माणसे कमी आहेत' अशा स्वरूपात गेली, तर मात्र संहितेचा मूळ हेतू सफल होईल. यंत्र दोन्ही ठिकाणी तेच आहे. फरक आहे तो कंपनीने त्याला कोणता प्रश्न विचारावयास लावले आणि उत्तर कोणाच्या टेबलावर ठेवले याचा.

संगणकीय नोंद कागदी नोंदीपेक्षा खोटी करणे अवघड असते, असा युक्तिवाद येथे केला जातो. तो अंशतः खरा आहे. मारपोल करारातील दुरुस्तीमुळे १ ऑक्टोबर २०२० पासून ध्वजराष्ट्राच्या मान्यतेने इलेक्ट्रॉनिक नोंदवह्या वापरता येतात आणि कोणी, केव्हा, कोणती नोंद बदलली याचा माग त्यांत राहणे अपेक्षित आहे. तथापि, ऑगस्ट २०१३ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ 'कॅरिबियन प्रिन्सेस' या प्रवासी जहाजावर घडलेला प्रकार या विश्वासाला मर्यादा घालतो. तेलमिश्रित पाणी शुद्धीकरण-यंत्रणा टाळून चोरनळीने समुद्रात सोडले जात असताना, त्याच वेळी अधिकृत यंत्रणेतून स्वच्छ समुद्रजल सोडण्यात आले. हेतू हा की, नियमानुसार विसर्ग झाल्याची संगणकीय नोंद तयार व्हावी. संवेदकाने खोटे सांगितले नाही. त्याच्यासमोर जे पाणी आले ते स्वच्छच होते. हा प्रकार उघडकीस आला तो नव्याने रुजू झालेल्या एका इंजिनिअरने ब्रिटिश अधिकाऱ्यांना कळविल्यामुळे. पुढे २०१६ मध्ये संबंधित कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल करून चार कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. अशा नोंदी वाचणारे यंत्र कितीही बुद्धिमान असले, तरी त्याच्यापुढे आलेला आकडा निर्दोष होता. नळी दिसली ती इंजिनरूममध्ये उभ्या असलेल्या माणसाला.

याहून सूक्ष्म धोका तपासणी-तक्त्यांच्या बाबतीत संभवतो. गेल्या वर्षीच्या तक्त्यांवरून यंत्र या महिन्याचा तक्ता आगाऊ भरून देते आणि अधिकाऱ्याने केवळ 'मान्य' म्हणावयाचे असते. यात कोणी खोटे बोलत नाही. परंतु ज्या उणिवेची कोणी तक्रार केली नाही ती नाही असे गृहीत धरण्याची 'हेरल्ड'वरील रीत यातून नव्या रूपाने परत येते. तेथे मौन म्हणजे सज्जता होती, येथे न बदललेली चौकट म्हणजे सज्जता ठरते.

कागदाला न दिसणारी तार

दस्तऐवज आणि वस्तू यांतील अंतर किती असू शकते, याचा प्रत्यय अलीकडच्या एका अपघाताने दिला. २६ मार्च २०२४ च्या पहाटे 'डाली' हे सुमारे तीनशे मीटर लांबीचे कंटेनरवाहू जहाज अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरातून बाहेर पडत असताना त्यावरील वीज गेली आणि ते फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळले. पूल कोसळून त्यावर काम करणारे सहा मजूर मृत्युमुखी पडले. जहाजावरील एकवीस कर्मचाऱ्यांपैकी वीस भारतीय होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जो निष्कर्ष काढला, तो या विषयाच्या संदर्भात चिंतनीय आहे. विद्युत-यंत्रणेतील एक तार तिच्या जोडणीत पूर्णपणे बसलेली नव्हती. तारेवर बसविलेल्या ओळखपट्टीमुळे ती आत जाऊ शकली नव्हती. कालांतराने जोडणी सुटली आणि वीज गेली. ओळखपट्टी ही तारेची नोंदच म्हणावयाची, आणि येथे ती नोंदच जोडणीच्या आड आली.

या तपासात इंजिनांच्या इंधनपुरवठ्याविषयीची आणखी एक गोष्ट पुढे आली. वीजनिर्मिती-यंत्रांना इंधन पुरविण्यासाठी, त्या नित्य कामासाठी नसलेला एक पंप वापरला जात होता. वीज गेल्यावर हा पंप आपोआप पुन्हा सुरू होत नव्हता. अशी वहिवाट एकदा रुळली की तक्त्यात ती उणीव म्हणून उमटत नाही. ज्याच्या हाताखाली पंप चालू आहे त्याला तो चालूच दिसतो. प्रमाणपत्रांची मुदत, सर्व्हेची तारीख, नियमावलीची आवृत्ती हे सर्व ताडून पाहणाऱ्या प्रणालीला ही वहिवाट किंवा सैल तार कशी दिसावी? ती दिसण्यासाठी कोणीतरी पॅनेल उघडून तार ओढून पाहिली पाहिजे आणि पंपाविषयी 'असे का?' हा प्रश्न विचारला पाहिजे. त्यासाठी त्याच्यापाशी वेळ हवा.

वेळेच्या या मुद्द्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेचा सर्वांत प्रबळ युक्तिवाद उभा आहे आणि तो प्रामाणिकपणे स्वीकारला पाहिजे. चीफ इंजिनिअरचे दिवसाचे दोन तास संगणकासमोर जात असतील आणि यंत्राने ते वाचविले, तर ते दोन तास इंजिनरूमला किंवा झोपेला मिळू शकतात. पण ते खरोखरच मिळतील काय, हे यंत्र ठरवीत नाही. वाचलेल्या वेळाच्या बळावर आणखी एक तक्ता मागविला गेला किंवा एक माणूस कमी केला गेला, तर जहाजावरील पाहणारे डोळे वाढण्याऐवजी घटतील.

जबाबदारी आणि भारतीय नाविक

हा प्रश्न महाराष्ट्राला दूरचा नाही. भारताच्या नौवहन महासंचालनालयाचे मुख्यालय मुंबईत आहे. जहाजांची तपासणी करून त्यांना वर्ग देणारी इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ही संस्था पवई येथे आहे. परदेशी मालकांच्या जहाजांचे व्यवस्थापन पाहणारी अनेक कार्यालये याच महानगरात आहेत. तेथील सुपरिंटेंडंट एका वेळी अनेक जहाजांचा भार सांभाळतो आणि नव्या प्रणालीचा हिरवा-लाल पडदा प्रथम त्याच्यापुढे येणार आहे. दुसऱ्या टोकाला कोकणपट्टीसह देशभरातून गेलेले अधिकारी व खलाशी आहेत. नोंदीखाली सही त्यांची असते.

सहीचा अर्थ काय होतो, हे 'हेबेई स्पिरिट' प्रकरणाने दाखवून दिले. डिसेंबर २००७ मध्ये दक्षिण कोरियाच्या किनाऱ्याजवळ नांगर टाकून उभ्या असलेल्या या तेलवाहू जहाजावर एक क्रेनवाहू बार्ज आदळली आणि मोठी तेलगळती झाली. जहाजाचा कप्तान आणि चीफ ऑफिसर हे दोघेही भारतीय होते. त्यांना २००९ च्या जूनपर्यंत मायदेशी परतता आले नाही. आपत्ती घडली की परक्या देशात अडकतो तो अधिकारी. प्रणाली पुरविणारी कंपनी कराराच्या बारीक अक्षरांत सुरक्षित राहते. यंत्राने लिहिलेल्या आणि घाईत मान्य केलेल्या नोंदीची जबाबदारी जर नाविकावरच राहणार असेल, तर ती नोंद नाकारण्याचा, बदलण्याचा आणि 'मी हे पाहिलेले नाही' असे लिहिण्याचा अधिकारही त्याला असला पाहिजे. तो अधिकार वापरल्याबद्दल त्याचा पुढचा करार धोक्यात येणार नाही, याची हमी कंपनीने दिली पाहिजे. ही हमी नसताना प्रणालीच्या अचूकतेची चर्चा अपुरी ठरते.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष संभवतात.

१. मुदती सांभाळणे, ताफ्यातील प्रमाणपत्रे प्रवासाशी ताडणे आणि नियमांचा शोध घेणे या कामांत कृत्रिम बुद्धिमत्ता उपयुक्त आहे. मूळ दस्तऐवज नेहमी शेजारी उघडता आला पाहिजे, एवढी अट मात्र असावी.

२. नोंदी म्हणजे साक्ष असल्याने त्या यंत्राने आगाऊ भरू नयेत. नोंदींतील विसंगती शोधण्यासाठी यंत्राचा वापर करावा. परंतु तिची सूचना नोंद सुधारण्यासाठी नव्हे, तर परिस्थिती सुधारण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीकडे जावी.

३. जो तक्ता कोणीही जागेवर न जाता यंत्र पूर्ण करू शकते, त्या तक्त्याने मुळात कोणती सुरक्षा साधली जात होती, असा प्रश्न विचारावा. अशा तक्त्यांचे यांत्रिकीकरण करण्यापेक्षा ते बंद करणे श्रेयस्कर. वाचलेला वेळ जहाजावरच राहिला पाहिजे.

४. निरीक्षकांनीही निर्दोष फाइलीवर समाधान मानू नये. यापुढे फाइल निर्दोष असणे हे स्वस्त होणार आहे. ज्या जहाजावर वर्षभरात एकही उणीव नोंदलेली नाही, त्याची पाहणी अधिक बारकाईने व्हावी.

'हेरल्ड'वरील कप्तानांनी चालक-कक्षात एका साध्या दिव्याची मागणी केली होती. दरवाजा उघडा आहे एवढेच त्याने सांगावयाचे होते. आज ताफ्यातील प्रत्येक दरवाजाची स्थिती किनाऱ्यावरील पडद्यावर दाखविणे शक्य झाले आहे. त्या पडद्यावरील हिरवा रंग दरवाजाची स्थिती सांगतो की केवळ दरवाजाविषयीच्या कागदाची, हा भेद ज्या कंपन्या जपतील त्यांच्या हाती हे तंत्रज्ञान उपकारक ठरेल. इतरांच्या हाती ते जुन्याच बेफिकिरीला अधिक नीटनेटके रूप देईल आणि त्याची किंमत जहाजावरील माणसे मोजतील.